सिमेंटच्या घराची नाडीपरीक्षा

काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. शनिवारी सकाळी आमच्या गावच्या सभागृहात मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा होता. नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन आलेल्या काकांनी दार उघडले, तर मधल्या बाकावर ताटाएवढा सिमेंटचा पोपडा पडलेला. वर पाहिले, तर छताच्या पोटात गंजून लाल झालेल्या दोन सळ्या उघड्या पडलेल्या. वर्ग भरायला अर्धा तास उरला होता. काकांनी दार परत लावून घेतले आणि मुलांना ओसरीवरूनच घरी पाठवले.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक बसली. आम्हीही होतो. बैठकीत दोन मते पडली. एक मत असे, की गवंडी बोलावून खड्डा सिमेंटने भरावा, वर चुना मारावा आणि गणेशचतुर्थीच्या तयारीला लागावे. दुसरे असे, की अभियंत्याला दाखविल्याशिवाय आत कोणी पाऊल टाकू नये. पहिल्या मताच्या बाजूला माणसे जास्त होती. खर्च कमी हे एक कारण होते, परंतु खरे कारण निराळे होते. १९७५ सालच्या जेर्वेझ वादळाने जुन्या पत्र्याच्या सभागृहाचे छप्पर उडवून नेले, त्यानंतर गावाने वर्गणी काढून, रविवार-रविवार घाम गाळून हे नवे सभागृह बांधले. काका त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे. बादल्या उचलणाऱ्यांच्या रांगेत ते उभे होते. “ही दाल आमच्या हातांनी ओतलेली आहे, ती आम्हाला दगा देणार नाही,” असे ते बैठकीत म्हणाले, आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

दाल म्हणजे काय हे आपल्या बेटावरच्या वाचकांस सांगायला नको. तरी भारतातून नवीन आलेल्या एका पाहुण्यांची कशी फजिती झाली ते आठवते. “उद्या आमच्याकडे दाल ओतायची आहे, या,” असे आमंत्रण मिळाल्यावर ते वाटी-चमचा डोळ्यांपुढे आणून खुशीत आले होते. क्रिओलमधली ही दाल म्हणजे घरावरचा काँक्रीटचा स्लॅब. ज्या दिवशी ती ओतायची, त्या दिवशी भाऊबंद, शेजारी, ऑफिसातले सोबती सगळे पहाटे हजर. कोणी खडी भरतो, कोणी पाणी ओततो, बादल्या हातोहात वर जातात, आणि दुपारी सर्वांना बिर्याणीचे जेवण. संध्याकाळी थोडे रमही होते, पण तो विषय येथे नको.

ही रीत चांगली आहे. परंतु आमच्या मते घराच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळही त्याच दिवसात असते. ऊन चढू लागले की मिश्रण घट्ट होते, हात दुखू लागतात आणि कोणीतरी म्हणतो, “अजून एक बादली पाणी टाका.” सिमेंटला लागते त्याहून जास्त पडलेले पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरी चूक सळ्यांची. साच्यावर सळ्यांची जाळी मांडून तिच्याखाली दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावे लागतात, म्हणजे खालून काँक्रीटचे पुरेसे आवरण मिळते. माणसे जाळीवरून चालतात, ठोकळे सरकतात आणि सळ्या साच्याला जाऊन टेकतात. साचा काढल्यावर गवंडी खालून गिलावा करतो. झाले! सगळे कसे गुळगुळीत.

तिसरी गोष्ट वाळूची. आपले बेट ज्वालामुखीचे, दगड काळा, त्यामुळे बांधकामाची पांढरी वाळू पुष्कळ वर्षे समुद्रातून, प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातून काढली जात असे. समुद्रातली वाळू काढणे २००१ साली बंद झाले, आणि आता काळा दगड दळून केलेली वाळू वापरतात. परंतु त्याआधी बांधलेल्या कितीतरी घरांच्या पोटात समुद्राची वाळू आहे. ती गोड्या पाण्याने नीट धुतलेली असेल तर ठीक. नसेल, तर तिच्याबरोबर मीठही घरात येऊन बसले आहे.

आता हे मीठ करते काय? ताज्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखा तीव्र क्षारगुण असतो. त्यामुळे आतल्या लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर चढतो आणि तो आहे तोवर लोखंड गंजत नाही. मीठ तो थर फोडते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे हळूहळू आत शिरून काँक्रीटचा क्षारगुण कमी करीत असतो. दोहोंपैकी काहीही सळीपर्यंत पोचले आणि सोबत ओल असली, की गंज सुरू. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागते. जागा मिळत नाही, म्हणून ते आतून काँक्रीटला ढकलते. प्रथम सळीच्या रेषेत बारीक भेग पडते, मग तांबूस डाग येतो, मग आतल्या आत पापुद्रा सुटतो, आणि एके दिवशी तो बाकावर येऊन पडतो.

येथे मागचे थोडे सांगितले पाहिजे. आपल्या पणज्यांची घरे गवताची, मातीची, पुढे लाकडाची व पत्र्याची. कोकण-साताऱ्याकडून आलेल्या माणसाला अशा घराचे दुखणे ओळखता येत असे. वासा वाळवीने खाल्ला तर बोटाने दाबून कळे, भिंत कलली तर ओळंबा सोडून कळे. १९६० च्या जानेवारीत आलिक्स आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कारोल अशी दोन वादळे पाठोपाठ आली. कारोलच्या वाऱ्याचा झोत ताशी अडीचशे किलोमीटरांवर गेला. हजारो घरे भुईसपाट झाली. ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली, की घर हवे ते सिमेंटचे. सरकारने सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटी स्थापून ठिकठिकाणी ‘सिते’ उभ्या केल्या, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लोकांनी ऊस तोडून, गिरण्यांत राबून, पै पै साठवून आपापल्या दाली ओतल्या. त्या दालींनी आपल्याला वादळांतून सांभाळले यात शंका नाही. परंतु सिमेंट म्हणजे दगड आणि दगडाला मरण नाही, अशी जी समजूत तेव्हा झाली, ती अजून गेलेली नाही. त्या पहिल्या दाली आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत.

सभागृहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बैठकीतच उघडकीस आली. त्याच जागेवर दोन वर्षांपूर्वी तांबूस डाग आला होता. एका ठेकेदाराने डाग खरवडून वर सिमेंट थापले होते आणि रंगाचे दोन हात मारले होते. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तसे करणारा तो एकटा नव्हे, आणि करा म्हणणारे आम्हीच होतो. गंजलेली सळी साफ न करता वर नवे सिमेंट थापले, तर गंज थांबत नाही. फक्त तो दिसेनासा होतो.

शेवटी काकांनीच आपला हट्ट सोडला. पोरे कोणत्या बाकावर बसतात हे त्यांना ठाऊक होते. अभियंता आला. तरुण मनुष्य. आम्हाला वाटले होते, मोठी यंत्रे आणील. त्याने पिशवीतून एक लहान हातोडी काढली, शिडीवर चढला आणि छताला टकटक करीत हळूहळू पुढे सरकू लागला. बहुतेक ठिकाणी आवाज खणखणीत येई. काही ठिकाणी एकदम बद्द. जेथे बद्द, तेथे तो खडूने वर्तुळ काढी. काका खालून पाहत होते. “हे तर बाजारात मडके घेण्यासारखे झाले,” ते म्हणाले. अभियंत्याला मराठी येत नव्हते, आम्ही क्रिओलमध्ये सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “अगदी तसेच.” तासाभरात छताच्या मागच्या भागात खडूच्या वर्तुळांची रांगच लागली.

नंतर त्याने एका जागी छिन्नीने थोडे काँक्रीट फोडून त्यावर एक पाण्यासारखे औषध शिंपडले. फिनॉल्फ्थॅलीन त्याचे नाव. शाळेत विज्ञान शिकलेल्यांना ते आठवेल. जेथे काँक्रीटचा क्षारगुण शाबूत आहे तेथे ते गर्द गुलाबी होते, जेथे संपला आहे तेथे रंग चढत नाही. आमच्या छताला गुलाबी रंग चढला तो सळीच्या वर. सळीभोवतीचा सगळा भाग कोराच राहिला. काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी स्प्रिंगची एक हातोडी असते, श्मिट नावाच्या स्विस अभियंत्याने १९४० च्या दशकात काढलेली. ती पृष्ठभागावर आपटून किती उसळते ते पाहतात. परंतु तिला वरच्या सालीचेच कळते. आतले पाहायचे तर ध्वनिलहरी आरपार सोडून त्यांना किती वेळ लागतो ते मोजतात. चांगल्या काँक्रीटमधून लहर सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वा त्याहून वेगाने जाते. वेग तीन किलोमीटरांखाली आला तर आत पोकळी, भेगा किंवा निकृष्ट माल असल्याचा संशय घ्यावा. सळी आत गंजते आहे काय, हे विजेच्या सूक्ष्म दाबावरूनही कळते: तांबे व मोरचूद यांची एक नळी काँक्रीटवर टेकवून मापकाने दाब पाहतात, आणि तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे गेला तर गंज चालू असण्याचा संभव दहात नऊ इतका धरतात.

अभियंत्याने पहिल्याच दिवशी मागच्या तुळईखाली लोखंडी टेकू लावायला सांगितले आणि तो भाग बंद केला. पुढच्या भागाविषयी मात्र त्याने जे सांगितले ते आम्हाला नवीन होते. तेथे भिंतीत दोन भेगा होत्या. एक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, दुसरी दालीच्या अगदी खाली आडवी. “या भेगा जुन्या आहेत की वाढत्या आहेत, हे आज पाहून मला सांगता येणार नाही. डॉक्टर एकदा ताप पाहून गेला म्हणून झाले का? रोज पाहावा लागतो.” असे म्हणून त्याने प्रत्येक भेगेवर प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या एकीवर एक बसविल्या. एक पट्टी भेगेच्या या बाजूला चिकटवलेली, दुसरी त्या बाजूला. एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. भेग हलली की फुली चौकटीवरून सरकते. पूर्वी ह्याच कामासाठी भेगेवर काचेची पट्टी चिकटवीत, किंवा प्लास्टरचा ठिपका देत. भेग वाढली की काच तडकत असे. पण काच फक्त ‘हलले’ एवढेच सांगते, किती आणि कोणीकडे ते सांगत नाही. घरच्या घरी करायचे तर भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. भेग रेघ ओलांडून पुढे गेली तर ते सहा महिन्यांनीही कळेल. ह्याला खर्च काहीच नाही, आणि तरी हे करणारे घर आम्ही फारसे पाहिलेले नाही.

वही ठेवायचे काम काकांनी मागून घेतले. दर रविवारी सकाळी सात वाजता माप. सातच का, तर दाल उन्हाने तापते आणि पसरते. दहा मीटर लांबीचा स्लॅब दहा अंश तापला तर सुमारे एक मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी दालीवर अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे दहा अंश काहीच नव्हेत हे कळेल. भिंत सावलीत, दाल उन्हात, म्हणून दोहोंच्या सांध्यात ती आडवी भेग पडते. रोज उघडते, रोज मिटते. आज सकाळी आणि उद्या दुपारी माप घेतले, तर भेग वाढली असे वाटून माणूस उगाच घाबरेल. पहिल्या महिन्यात काका दोनदा धावत आमच्याकडे आले, ते दुपारी जाऊन पट्टी पाहून आले म्हणून.

काका वहीत जे करीत होते, तेच मोठमोठ्या इमारतींत आज यंत्रे करतात. त्या शास्त्राचा मूळ विचार पुन्हा त्या मडक्याचाच आहे. प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा स्वर असतो, तसा इमारतीलाही एक ठराविक झोका असतो. वाऱ्याने, रहदारीने, जमिनीच्या सूक्ष्म थरथरीने ती सतत डोलत असते. आपल्याला कळत नाही इतकेच. ढोबळ हिशेब असा, की दहा मजल्यांच्या इमारतीला एक झोका पुरा करायला सुमारे एक सेकंद लागतो, पाच मजल्यांच्या इमारतीला त्याच्या निम्मा. खांब, तुळया तडकल्या, सांधे ढिले पडले, की इमारतीचा ताठरपणा कमी होतो आणि झोका मंदावतो. म्हणून मजल्यामजल्यावर कंपनमापक बसवून वर्षानुवर्षे तो झोका मोजत राहायचे.

ऐकायला हे सोपे वाटते, पण येथेही उन्हापावसाची लुडबुड आहेच. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील कॅलटेक विद्यापीठात १९६७ पासून एक नऊ मजली काँक्रीटची इमारत उभी आहे. पुष्कळ वर्षे ती मिलिकन ग्रंथालय म्हणून ओळखली जात असे. अगदी प्रथमपासून तिचा झोका मोजलेला आहे. १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपानंतर तो स्पष्ट मंदावला, आणि पुढच्या भूकंपांतून मंदावत मंदावत पूर्व-पश्चिम दिशेची कंपने मूळच्या मानाने सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. तरीही इमारत वापरात राहिली. शिवाय मोठा पाऊस पडला की काही तासांत हा आकडा थोडा वर जातो, असेही तेथे आढळले. तेव्हा एका आकड्यावरून घबराट करून घेण्यात अर्थ नाही. इमारतीच्या रोजच्या सवयी आधी ओळखाव्या लागतात, मग बिघाड ओळखता येतो. सासूबाईंचा स्वभाव जाणणाऱ्या सुनेला त्यांच्या आजच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो, तसेच हे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण ह्या विषयातल्या लोकांच्या तोंडी नेहमी असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. साताऱ्याकडची गावे ज्यांच्या आजोबांच्या तोंडी होती, त्या आपल्यातल्या काहींनी ती बातमी रेडिओवर ऐकली असेल. कोयना धरणाच्या आतल्या बोगद्यात कंपनमापक बसविलेला होता. तो त्या पहाटे चालू होता, आणि धरणाने किती हिसका सोसला याची नोंद कागदावर उतरली. धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या, पण ते टिकले, आणि पुढे त्याला मागून काँक्रीटचा आधार देऊन बळकट करण्यात आले. जगातल्या अनेक धरणांच्या रचनेचा विचार करताना ती नोंद पुढे वापरली गेली.

इटलीतला पिसाचा कललेला मनोरा तर ह्या कामाची शाळाच म्हणावी लागेल. १९३४ पासून त्याच्या आत एक लांब लोलक टांगलेला होता. आपल्या गवंड्याचा ओळंबाच, फक्त मोठा. १९९० साली मनोरा लोकांना बंद केला. उत्तरेच्या बाजूला शिशाची शेकडो टन वजने ठेवली, तेव्हा कल किंचित कमी झाला. १९९५ च्या सप्टेंबरात पायाशी काही काम करताना जमीन गोठविली, तर मनोरा उलट झपाट्याने कलू लागला. मापकांनी ते तत्काळ दाखविले, काम थांबविले, आणखी शिसे ठेवले. यंत्रे नसती तर त्या रात्री काय झाले असते कोणास ठाऊक! पुढे उत्तरेकडच्या पायाखालून थोडी थोडी माती काढीत, रोज माप पाहत, अर्ध्या अंशाने त्याला सरळ केले, आणि २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला.

पण आम्हाला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती फ्लोरिडाची गोष्ट, कारण तो समुद्रकाठ आपल्यासारखाच. मायामीजवळच्या सर्फसाइड गावात चँप्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत होती. बांधणी १९८१ ची. खाली मोटारी ठेवण्याची जागा, तिच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव आणि अंगण. अंगणाचा स्लॅब सपाट ओतलेला, पाण्याला उतारच नाही. पाणी साचायचे, मुरायचे. पाणी अडविणारा थर निकामी झाला होता. २०१८ साली तपासणी करणाऱ्या अभियंत्याने हे सर्व लेखी कळविले होते, आणि थर लवकर न बदलल्यास काँक्रीटची झीज झपाट्याने वाढेल असेही लिहिले होते. त्यानंतर बैठका सुरू झाल्या. खर्च मोठा, प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी रक्कम मोठी. कोणी म्हणाले इतके कशाला, कोणी म्हणाले दुसऱ्याकडून अंदाज घ्या. मधे समितीतले काही जण कंटाळून बाहेर पडले. २०२१ च्या एप्रिलमध्ये समितीच्या अध्यक्षांनी रहिवाशांना पत्र लिहिले, की २०१८ नंतर नुकसान खूपच वाढले आहे. त्याच वर्षी २४ जूनच्या मध्यरात्रीनंतर, सुमारे एक वाजून बावीस मिनिटांनी, इमारतीचा मोठा भाग काही सेकंदांत कोसळला. ९८ माणसे गेली. अंगणाचा स्लॅब त्याआधी काही मिनिटे खाली बसला होता. पुढे अमेरिकन सरकारच्या संस्थेने केलेल्या तपासात असेही दिसले, की त्या स्लॅबची रचना मुळातच त्या काळच्या नियमांहून कमी बळाची होती.

त्या समितीची हकीकत वाचताना आम्हाला आमचीच बैठक आठवली. तीच वाक्ये, तेच खाकरणे, तोच चहा. त्यांच्याकडे कागद होता, त्यात भेगांची छायाचित्रे होती. परंतु भेग दर आठवड्याला किती सरकते आहे, अंगण किती खाली जाते आहे, हे कोणी मोजत नव्हते. अध्यक्षांच्या पत्रातले ‘खूपच’ आणि वहीतले मिलिमीटर यांत फरक आहे. मिलिमीटरांवर समितीत वाद घालणे जरा कठीण जाते.

सर्फसाइडनंतर फ्लोरिडाने २०२२ साली जुन्या उंच इमारतींच्या सक्तीच्या तपासणीचा कायदा केला. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ करून घ्यावे लागते. तरीही तेथे दर पावसाळ्यात एखादी जुनी इमारत पडल्याची बातमी येतेच, कारण भाडेकरू म्हणतो मालकाने करावे आणि मालक म्हणतो भाडे किती येते ते पाहा. आपल्याकडे २०१३ साली उघडलेला तेर रूज–व्हेर्दँ रस्ता पुढे भेगा पडून बंद करावा लागला, तेव्हा महिनाभर सगळे बेट भेगांवरच बोलत होते. परंतु आपल्या घराच्या दालीवर चढून पाहिले कितीजणांनी?

आणि दालीवर चढले की प्रथम दिसते काय? वर तोंड करून उभ्या असलेल्या सळ्या! मुलगा मोठा होईल, लग्न होईल, वर मजला चढवू, म्हणून खांबांच्या सळ्या हातभर वर ठेवलेल्या. पंधरा-वीस वर्षे त्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या असतात. त्यांच्या मुळाशी पाणी साचते आणि गंज सळीच्या वाटेने खांबात उतरतो. सळ्यांना सिमेंटचा दाट लेप देऊन वर टोपी बसविणे, किंवा निदान त्या मुळाशी पाणी थांबू न देणे, हे काम एका दुपारचे आहे. दुसरे म्हणजे, ज्या पायावर एक मजला बेतला होता, त्यावर आज दोन भावांचे दोन मजले उभे आहेत आणि तिसऱ्याचा विचार चालू आहे. जागा महाग, मुलाने आपल्यापाशीच राहावे ही इच्छा, हे आम्ही समजू शकतो. परंतु पाया केवढा आहे, खाली काळा खडक आहे की चिकणमाती, खांबात सळ्या किती, हे माहीत असल्यावाचून मजला चढविणे म्हणजे डोळे मिटून उडी मारणे आहे. ज्या गवंड्याला हे माहीत होते तो बहुधा हयात नसतो, आणि नकाशा कपाटात नसतो.

आमच्या सभागृहाचे पुढे असे झाले. त्या वर्षी गणपती अंगणात, मांडवात बसला. पाऊस आला नाही हे देवाचेच उपकार. काकांच्या वहीत सहा महिन्यांची मापे भरली होती. दालीखालची आडवी भेग होती तेथेच होती. तिच्यात लवचिक लेप भरून ती बंद केली. खिडकीची तिरपी भेग मात्र पावसाळाभर हळूहळू सरकली आणि कोरड्या दिवसांत थांबली. अभियंत्याने त्या कोपऱ्याशी जमीन उकरायला लावली, तर छतावरच्या पन्हळीचे पाणी तुटक्या नळातून थेट पायाशी मुरत होते. नळ बदलला, पाणी दूर सोडले. मागचा वर्तुळांनी भरलेला भाग टेकूंवर तोलून तोडला आणि नव्याने ओतला. त्या दिवशी पुन्हा रांग लागली, पण काँक्रीट बाहेरून तयार होऊन आले होते, आणि पाण्याची बादली काकांनी कोणाला हात लावू दिली नाही. पुढचे सात दिवस ओली पोती टाकून दाल भिजत ठेवली, ती त्यांनीच.

जुनी दाल फोडताना निघालेली एक सळी त्यांनी मागून घेतली. बोटाएवढी असायची ती मधे पेन्सिलीसारखी झाली होती. ती त्यांनी बराच वेळ हातात फिरवून पाहिली, बोलले काहीच नाहीत.

त्यानंतर एका रविवारी त्यांनी आम्हाला आपल्या घरी बोलावले. स्वयंपाकघराच्या तुळईला सळीच्या रेषेत एक केसाएवढी भेग होती. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. वर तिसऱ्या मजल्याच्या सळ्या उभ्या होत्या. धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते आणि मजल्याचा माल दारात येऊन पडला होता. काकांनी त्याला सांगितले होते, की अभियंता येऊन जाईपर्यंत आणि हा एक पावसाळा उलटेपर्यंत थांब. मुलगा रुसला होता. सूनबाई येणार ती कोठे राहणार, हा काकूंचा प्रश्न होता. काकांनी चहा संपविला, कपाटावरची नवी वही काढली, चष्मा लावला आणि शिडी धरायला आम्हाला हाक मारली. सात वाजले होते.